ड्रममधलं पाणी, तीस तास आणि एक सेन्सर

जुलै लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी सुरू होते, पाणी किती फुटावर आलंय? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुन्या शिवाजी पुलाला पाणी कुठवर लागलंय ते बघून ‘मच्छिंद्री झाली’ म्हणणारी पिढीही अजून आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या माणसाला पाण्याचा आकडा म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्स, फिजिक्स किंवा सिव्हिलच्या मुलांना हाताने काम करत डिजिटल मोजमाप शिकवायचं असेल, तर कोल्हापुरात पाण्याच्या पातळीइतका चांगला विषय नाही असं माझं ठाम मत आहे. आकड्याचं महत्त्व मुलांना आधीच पटलेलं असतं. तो आकडा कसा तयार होतो आणि कुठे फसवतो, एवढंच शिकवायचं राहतं. आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. बोर्ड आणतात, तयार प्रोग्रॅम चढवतात, स्क्रीनवर ‘२१२ सेंमी’ उमटतं, फोटो काढून जर्नलला चिकटवतात आणि प्रयोग संपतो. ते २१२ खरं आहे का, हे टेप लावून कोणी बघत नाही.

खाली एका पूर्ण प्रात्यक्षिकाची मांडणी देतोय. एक क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिकाचे ३० तास, दोन तासांच्या १५ पाळ्या. वीस मुलांची बॅच, चार-चार जणांची पाच टेबलं. एका टेबलाला लागतं ते असं: ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा छोटा कॉम्प्युटरच), एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर (हा ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं), डीएस१८बी२० तापमान सेन्सर, डीएस३२३१ घड्याळ, एसडी कार्डचं मोड्यूल, दोन ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता वायरी खुपसून जोडायच्या पाट्या), जंपर वायरी, १ किलोओहमचे तीन आणि ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, साधा मल्टिमीटर, पाच मीटरचा स्टीलचा टेप. सगळ्या बॅचमध्ये मिळून वरून उघडा असा २०० लिटरचा एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम पुरतो.

पहिल्या पाळीत बोर्ड कपाटातच ठेवा. ड्रम अर्धा भरा, लाकडी पट्टी आणि टेप द्या आणि पाच जणांना पाण्याची खोली मोजायला लावा, पण एकमेकांचा आकडा न बघता. टेपचं लघुतम माप १ मिलिमीटर असूनही पाच जणांचे आकडे चार-पाच मिलिमीटरने सहज वेगळे येतात. कोणी पट्टी तिरकी धरली, कोणी पट्टीला चिकटून वर चढलेलं पाणी वाचलं, कोणी ड्रमच्या तळाच्या फुगवट्यावर पट्टी टेकवली. हे फळ्यावर लिहून घ्या. मग १० लिटरच्या बादलीने एकेक बादली पाणी काढा आणि दर वेळी पातळी मोजा. एका बादलीला पातळी साधारण पावणेचार ते चार सेंमी उतरते, पण ड्रमचं पोट फुगीर असेल तर वर, मध्ये आणि खाली ही उतरण सारखी नसते. पातळीवरून लिटर काढताना सरळ गुणाकार चालत नाही, हे मुलांना इथेच कळतं, तेही विजेचा एक तार न जोडता. ही पाळी वाया गेली असं वाटतं, पण पुढची चौदा तिच्यावरच उभी असतात.

दुसरी पाळी सिम्युलेटरची. ‘वोक्वी’ या वेबसाइटवर ईएसपी३२ आणि हाच सेन्सर, खरं सामान न घेता, मोबाइलच्या ब्राउझरवरही जोडता येतो. घरी सराव करायला, प्रोग्रॅमच्या चुका काढायला ही सोय फार चांगली. मात्र तिची मर्यादा मुलांना त्याच दिवशी सांगा. सिम्युलेटरमध्ये सेन्सरची इको पिन (प्रतिध्वनीची वेळ बोर्डाला कळवणारी) थेट बोर्डाला जोडली तरी सगळं सुरळीत चालतं. टेबलावर तसं केलं तर ५ व्होल्ट थेट ३.३ व्होल्टच्या पिनवर जातात. बोर्ड कदाचित लगेच मरणार नाही, महिनाभर चालेलही, आणि मग एक दिवस ती पिन बंद पडेल. कारण कोणालाच सापडणार नाही.

त्यासाठी व्होल्टेज डिव्हायडर, म्हणजे व्होल्ट कमी करणारी रेझिस्टरांची जोडी, लागतो, आणि या अख्ख्या प्रयोगातली सगळ्यात जास्त शिकवणारी जागा हीच आहे, म्हणून इथे थोडा वेळ काढा. इको पिनपासून १ किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-लाल) घ्यायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला बोर्डाची पिन जोडायची आणि त्याच टोकापासून ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) २ किलोओहम लावायचा. २ चा नसेल तर १ चे दोन एकापुढे एक. हिशेब सोपा आहे: ५ × २ ÷ ३ म्हणजे ३.३३ व्होल्ट. सेन्सर जोडण्याआधी डिव्हायडरच्या वरच्या टोकाला सरळ ५ व्होल्ट देऊन मधल्या बिंदूवर मल्टिमीटर लावायचा. इको येते ती काही मिलिसेकंदांची, मल्टिमीटर ती पकडू शकत नाही, त्यामुळे तपासणी आधीच करावी लागते. रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असतात, तेव्हा ३.२ ते ३.४५ च्या दरम्यान काहीही आलं तरी जोडणी बरोबर.

आता चूक कशी होते ते बघा. घाईत रेझिस्टर उलटे लागतात, वर २ आणि खाली १. मधल्या बिंदूवर १.६७ व्होल्ट येतात. ईएसपी३२ ला ‘हाय’ म्हणून ओळखायला पुरवठ्याच्या पाऊण पट, म्हणजे जवळपास २.५ व्होल्ट लागतात. म्हणून सेन्सर नीट ओरडतो, प्रतिध्वनी परत येतो, इकोची पिन वर जाते, आणि बोर्डाला त्यातलं काहीच दिसत नाही. स्क्रीनवर शून्य. मुलं लगेच प्रोग्रॅम बदलायला घेतात, तासभर प्रोग्रॅमशीच झुंजतात. त्यांना मल्टिमीटर उचलायची सवय लावणं हे शिक्षकाचं काम. ‘आधी व्होल्ट, मग ग्राउंड, मग प्रोग्रॅम’ हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा.

बाकीच्या अडचणी ठरलेल्या आहेत, पटकन सांगतो. बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही, तर केबल बदला: नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात. अपलोड करताना ‘कनेक्टिंग’वर अडकून ठिपके येत राहिले तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा. सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर कॉम्प्युटरवर दिसतो ती खिडकी) अगम्य चिन्हं आली तर दोन्हीकडचा वेग ११५२०० आहे का बघा. १२ नंबरची पिन सेन्सरला देऊ नका, सुरू होताना ती वर ओढली गेली की बोर्ड उठतच नाही. लांब ब्रेडबोर्डांपैकी काहींची वीजपट्टी मध्ये तुटलेली असते, अर्ध्या बोर्डाला ग्राउंडच मिळत नाही. आणि रुंद ईएसपी३२ एका ब्रेडबोर्डवर बसवला की वायर खुपसायला जागा उरत नाही, म्हणून दोन ब्रेडबोर्ड शेजारी ठेवून त्यांच्या मधोमध बसवायचा.

पाचव्या पाळीला सेन्सर घेऊन कॉरिडॉरमध्ये जा. सपाट भिंत, समोर टेबल, जमिनीवर टेप. ५० पासून ३०० सेंमीपर्यंत दर ५० सेंमीला दहा-दहा वाचनं घ्या. दोन वाचनांत निदान ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर आधीच्या आवाजाचा घुमारा पुढच्या वाचनात शिरतो. सेन्सरला साधारण १५ अंशांची शंकूसारखी नजर असते, त्यामुळे टेबलाची कड, जवळून जाणारा माणूस, भिंतीवरची सूचनाफलकाची चौकट, हे सगळं तो ऐकतो. सेन्सर टेबलाच्या कडेला, थोडा उंचावर ठेवा.

मग आडव्या अक्षावर टेपचं अंतर आणि उभ्या अक्षावर सेन्सरचं अंतर घेऊन लिबरऑफिस कॅल्कमध्ये आलेख काढा, सरळ रेषा बसवा, तिचा चढ आणि छेद (रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते तो आकडा) वाचा. सगळं आदर्श असतं तर चढ १ आणि छेद ० आला असता. उन्हाळ्यात दुपारी ३५ अंशांला मोजलं तर चढ ०.९६५ च्या आसपास येतो. का?

कारण इंटरनेटवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ०.०३४ हा आकडा आंधळेपणाने लिहिलेला असतो. तो ध्वनीचा वेग आहे, सेंटिमीटर दर मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला ३४० मीटर. हवेतला ध्वनीचा वेग ढोबळमानाने ३३१.३ + ०.६०६ × तापमान इतका असतो. यात ३४० बसवून तापमान काढा: १४ अंशांच्या थोडं वर. कोल्हापुरात इतकी हवा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मिळाली तर मिळाली. ३५ अंशांला वेग ३५२.५ असतो. भिंत ३०० सेंमीवर असताना सेन्सर २८९ सांगतो, जवळपास ११ सेंमी कमी. सेन्सर पाण्याच्या वर टांगलेला असेल तर पाणी खरं आहे त्यापेक्षा ११ सेंमी, म्हणजे चार इंच वर दिसणार. पावसाळ्यात पंचगंगेच्या बातम्या फूट आणि इंचांत येतात. चार इंचांची चूक म्हणजे काय, हे इथल्या मुलाला वेगळं समजावायची गरज नाही.

छेदाची गोष्टही तितकीच बोलकी. तो सव्वा सेंमीच्या आसपास आला तर टेपचं शून्य कुठे धरलं ते विचारा. सेन्सरच्या दोन चकचकीत डब्या त्याच्या सर्किटच्या पट्टीच्या एक-सव्वा सेंमी पुढे आलेल्या असतात. कोणी टेप हिरव्या-निळ्या पट्टीला लावला असेल, कोणी डबीच्या तोंडाला. चढ सांगतो हवेबद्दल, छेद सांगतो आपल्या टेप धरण्याबद्दल. रेषीय समीकरणाचा इतका सरळ उपयोग बारावीच्या पुस्तकात मुलांनी कधी बघितलेला नसतो, आणि तो बघताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

यानंतर डीएस१८बी२० जोडायचा. त्याच्या डेटा तारेपासून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. तो विसरला किंवा तार सैल असली की वाचन उणे १२७ येतं. सेन्सरला पहिलं मोजमाप पूर्ण करायला वेळ दिला नाही तर ८५ येतं, कारण वीज मिळताना त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. हे दोन्ही आकडे सूत्रात तसेच गेले की ध्वनीचा वेग भलताच निघतो. म्हणून सूत्राआधी गाळणी लावायची: ५ पेक्षा कमी किंवा ५० पेक्षा जास्त तापमान आलं तर ते वाचन टाकून द्यायचं आणि तशी नोंद करायची. हा सेन्सर बोर्डाला चिकटवू नका, वायफाय चालू असताना बोर्ड चांगलाच गरम होतो. तो सावलीत आणि ध्वनी ज्या हवेतून जातो त्याच हवेत हवा.

एक गोष्ट याच ओघात. या तापमान सेन्सरची हद्द १२५ अंश आहे हे वाचून एखादा गट तो गुऱ्हाळाच्या काहिलीत बुडवायची कल्पना काढतोच. गुळाचा पाक उतरवायची वेळ ११८ अंशांच्या आसपास येते, म्हणजे कागदावर बसतं. पण सेन्सरच्या वायरीचं प्लॅस्टिक तेवढी उष्णता सोसत नाही. तिथे के-टाइप थर्मोकपल (जास्त उष्णता मोजणारी तारांची जोडी) आणि ते वाचणारं मॅक्स६६७५ मोड्यूल घ्यावं, आणि त्याला दर वाचनाला पाव सेकंद द्यावा. घाईने विचारत राहिलात तर ते जुनाच आकडा देत बसतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करायला जाणाऱ्या मुलाला हा धडा आयुष्यभर पुरतो.

आता ड्रम. तोंडावर लाकडी फळी आडवी टाका, तिला मधोमध भोक पाडून सेन्सर खाली तोंड करून बसवा. फळीऐवजी एल-पट्टीचा ब्रॅकेट हवा असेल तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये मापं देऊन करून घ्या, आणि मापं काढायचं काम मुलांनाच द्या. सेन्सर कडेला बसवला तर ड्रमच्या भिंतीवरून खोटा प्रतिध्वनी येतो. पाण्यावर तरंगणारा मग राहिला तर त्याचीच पातळी मोजली जाते. पातळी म्हणजे सेन्सरपासून तळापर्यंतची उंची वजा मोजलेलं अंतर.

या वजाबाकीत एक मोठा सापळा दडलेला आहे. प्रतिध्वनी आलाच नाही तर ‘पल्सइन’, म्हणजे प्रोग्रॅममधली इकोची वेळ मोजणारी आज्ञा, शून्य परत देतं. अंतर शून्य, म्हणून पातळी पूर्ण उंचीइतकी. वायर सुटली की उपकरण सांगतं, ड्रम काठोकाठ भरला! बंद पडलेलं यंत्र ‘पूर आला’ म्हणून ओरडतं, आणि ऐकणाऱ्याला फरक कळायचा काही मार्ग नसतो. शून्य आलं तर ‘वाचन नाही’ असंच लिहिलं गेलं पाहिजे, पातळी म्हणून काहीही लिहू नये. ‘पल्सइन’ची वाट बघायची मुदत मुळात एक सेकंद असते, ती ३०००० मायक्रोसेकंद करा. पाच मीटरपर्यंतच्या प्रतिध्वनीला तेवढी पुरते.

पाणी हललं की वाचनं उड्या मारतात. समजा २१२, २१३, २१२, ३८, २१३ अशी पाच आली. सरासरी १७७.६, जी यांतल्या कुठल्याच खऱ्या अंतराच्या जवळ नाही. चढत्या क्रमाने लावून मधलं घ्या: २१२. मुलांना सरासरीची इतकी सवय असते की मध्यकाची खरी गरज इथेच पहिल्यांदा पटते. नऊ वाचनांचा मध्यक घेतला तर ड्रमच्या कामाला भरपूर झाला.

नोंद ठेवताना नुसती पातळी साठवू नका. तारीख-वेळ, तापमान, कच्चे मायक्रोसेकंद, अंतर, पातळी आणि शेरा, असे सहा रकाने हवेत. कच्चे मायक्रोसेकंद असतील तर सूत्र चुकलं असं महिन्याने कळलं तरी सगळा डेटा पुन्हा काढता येतो. नुसती पातळी असेल तर महिना गेला. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, नाहीतर स्प्रेडशीट ३ जुलैचा ७ मार्च करून टाकते. इंटरनेटवरून वेळ घेत असाल तर भारतासाठी १९८०० सेकंद मिळवायचे. अर्धा तास विसरून १८००० लिहिलेले प्रोग्रॅम बरेच फिरतात.

वायफायचं म्हणाल तर ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं, आणि कॉलेजच्या ज्या वायफायला ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं तिथे बिचारा बोर्ड दारातच अडतो. मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ वर ठेवून काम करा. इंटरनेटवर नोंदी साठवणाऱ्या ‘थिंगस्पीक’च्या मोफत खात्यावर दोन नोंदींत १५ सेकंदांचं अंतर लागतं, त्यापेक्षा घाई केली की मधल्या नोंदी गुपचूप गळतात. म्हणूनच एसडी कार्ड पहिलं, इंटरनेट दुसरं. पावसाळ्यात वीज गेली तर राउटर जातो, कार्ड राहतं.

आठवडाभर ड्रमवर नीट चाललं की मुलं विचारतात, हे नदीवर लावू का? याचं उत्तर स्पष्ट द्यावं: इशारा देण्यासाठी नाही. ४३ फूट म्हणजे १३ मीटरच्या वर, आणि हा सेन्सर ४ मीटरला दमतो. शिवाय बंधाऱ्यावरची पातळी ठरलेल्या शून्यापासून मोजतात, ती पाण्याची खोली नव्हे. नद्यांवर रडार सेन्सर वापरतात, त्यावर तापमानाचा असा परिणाम होत नाही. लोकांनी ऐकायचा आकडा सरकारी खात्याचाच. मुलांच्या यंत्राची खरी जागा म्हणजे वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी. तिथे पाण्याला टिकणारा जेएसएन-एसआर०४टी घ्यावा. त्याला जवळचं २० ते २५ सेंमी दिसत नाही, म्हणून तो टाकीच्या झाकणावर पाइपचा तुकडा लावून तेवढा उंच बसवावा. सकाळी त्याच्या तोंडावर बाष्पाचे थेंब धरतात आणि वाचन बिघडतं, तर त्या वेळा शेरा रकान्यात लिहाव्यात.

गुण कशाला द्यायचे, यावर माझा जुना आग्रह आहे. बरोबर आकड्याला कमी, चूक का झाली हे सांगण्याला जास्त. परीक्षेच्या दिवशी चालू मांडणीत मुद्दाम एक बिघाड करून द्या: रेझिस्टर उलटे, ग्राउंड काढलेलं, ४.७ किलोओहम गायब, किंवा प्रोग्रॅममध्ये गुपचूप ०.०३४. वीस मिनिटांत बिघाड शोधायचा आणि मल्टिमीटरच्या वाचनासह कारण लिहायचं. प्रोग्रॅम एआयकडून लिहून घेतला असेल तरी हरकत नाही. पण त्यातली कुठलीही एक ओळ बोटाने दाखवून ‘ही काढली तर काय होईल’ असं विचारलं की उत्तर यायलाच हवं. झेरॉक्स केलेल्या जर्नलवर सही करण्यापेक्षा हा प्रश्न दोन मिनिटांचाच, पण खूप काही सांगून जातो.

‘स्पोकन ट्युटोरियल’ या शिकवणीच्या वेबसाइटवर मराठी आवाजात बरंच साहित्य आहे, गावाकडून आलेल्या मुलांना ते आवर्जून दाखवा. संज्ञा इंग्रजी राहू देत, समजूत मराठीत झाली तर मल्टिमीटर हातात घेताना भीती कमी असते.

सत्र संपताना सामान तसंच टेबलावर सोडू नका. इथल्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या काळवंडतात आणि पुढच्या वर्षीचे निम्मे बिघाड तिथूनच येतात. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, प्रत्येक बोर्डावर टेबल नंबरची चिठ्ठी. डीएस३२३१ च्या स्वस्त मोड्यूलमध्ये चार्जिंगचा रस्ता असतो. त्यात साधा सीआर२०३२ सेल असेल तर तो न काढता वीज देत राहिल्याने सेल फुगतो. एकतर चार्ज होणारा एलआयआर२०३२ वापरा, नाहीतर डायोडजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने उचलून टाका. आणि ड्रम रिकामा करून पालथा घाला, डास होतात.